ब्लोअर आधी, इंजिन नंतर

१२ एप्रिल, शनिवार

आजही नोव्हा गाडीचं इंजिन ठरलं नाही. सहा वर्षं झाली.

शहाण्या माणसाने आधी इंजिन घेतलं असतं, मग त्यावर बसेल असा ब्लोअर, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. मी आधी ब्लोअर घेतला. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात उन्हात चमकत होता, पाघळलो. तेव्हापासून बैठकीत फायरप्लेसवर बसलाय. पाहुणे विचारायचे, हे काय? लोर्ना सांगायची, "हार्लनची दुसरी बायको." हल्ली तेवढंही बोलत नाही.

लोर्ना पूर्वी भांडी घासताना गायची. चर्चमधलीच गाणी, पण सूर पक्का. दोनेक वर्षांत ते बंद झालं. कारण मला ठाऊक आहे. नवरा जेवणाच्या ताटाशेजारी पिस्टनचा कॅटलॉग उघडून बसला तर कुठली बाई गाईल? म्हणून ठरवलंय – चौदा जूनला लग्नाला चाळीस वर्षं होतात, त्या दिवशी नोव्हा बाहेर काढायची. याच गाडीतून तिला पहिल्यांदा फिरवलं होतं. शेजारी बसवायची, तळ्यापर्यंत न्यायची. गाईल मग. गायलाच हवी.

१६ एप्रिल

मेकॅनिक दोस्त गेरिटकडे गेलो. मिशिगनच्या या कोपऱ्यात इंजिनातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. मला सोडून.

पेटीतलंच इंजिन घ्यायचं यावर दोघांचं एकमत. कारखान्यात जोडून लाकडी पेटीतून दारात येतं, आपण फक्त बसवायचं. पुढे मतभेद. "ब्लोअर लावणार ना? मग कमी कॉम्प्रेशनचं घे, साडेआठचं. फोर्ज्ड, दणकट पिस्टनवालं. आत आधीच हवा दाबलेली, त्यात हा राक्षस आणखी कोंबणार. साडेदहाचं घेतलंस तर पेट्रोल वेळेआधी पेटेल नि पिस्टनला भोक पडेल."

हल्ली गेरिट फार ओरडून बोलतो. म्हातारा झाला.

२७ एप्रिल, रविवार

दोन कागद समोर. साडेआठवालं – चारशे वीस घोड्यांची ताकद. साडेदहावालं – पाचशे दहा.

ब्लोअर बसल्यावर साडेआठवालंही पाचशे दहाच्या पुढे जाईल. मला कळतं. पण शनिवारी आइस्क्रीमच्या दुकानासमोर गाड्या लागतात, बॉनेट उघडी, प्रत्येकाच्या काचेवर पुठ्ठा – इंजिन कुठलं, घोडे किती. मागे घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही सगळे म्हातारे दुसऱ्याच्या पुठ्ठ्यावर नजर ठेवून असतो. तिथे काय लिहू? चारशे वीस, पण ऐका हो, ब्लोअर धरला तर...? ऐकायला थांबतंय कोण!

६ मे

साडेदहावालं मागवलं.

रात्रीच्या जेवणाआधी लोर्नाला सांगितलं. ती सिंकपाशी पाठमोरी होती. काही बोलली नाही. म्हणजे हरकत नाही. गेरिटला काय कळवायचं ते नंतर बघू. छत्तीस वर्षं गॅरेजात काढलीत मी. लोक गाडी दाराशी आणायचे आणि मी बॉनेट न उघडता सांगायचो काय बिघडलंय. 'हार्लनचा कान' म्हणायचे. इंजिन जरा जरी ठोकायला लागलं तरी मला पहिल्यांदा ऐकू येईल, तिथल्या तिथे पाय उचलीन. झालं.

२४ मे

पेटी आली! खिळे उपटताना अंगठा सोलला. लोर्नाने पट्टी बांधली, तोंड मिटून. आतला भुसा अजून घरभर आहे.

७ जून

इंजिन बसलं, ब्लोअर बसला, बॉनेट बसेना. बॉनेटला भोक पाडावं लागणार हे सहा वर्षांत एकदाही मनात आलं नाही. वाकडंतिकडं कापलं. गाडी रस्त्यावर काढली – ताकद आहे, पण ब्लोअरची ती शीळ कुठे? पूर्वी दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू यायची कुणाच्याही गाडीची. सहा वर्षं फायरप्लेसवर बसून हाही मुका झाला. या घरात काय आहे कोण जाणे.

पुठ्ठा मात्र लिहिला. ५१०. जाड अक्षरात.

१४ जून

चाळीस वर्षं. लोर्नाने निळा स्कार्फ बांधला होता. तळ्याच्या रस्त्यावर पाय दाबला, पाठ सीटला चिकटली, वाटलं आता हसेल. नाही. शेवटी तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की गाडी गवतात गेली.

माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडली, "केव्हाची सांगतेय! डब्यात खडे घालून हलवल्यासारखी खडखड येतेय. थांबव!"

कसली खडखड? मी बॉनेट उघडून कान लावला. काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. परतीला गाडी ओढून न्यायला टो ट्रक बोलावला. ट्रकवाल्याने काचेवरचा पुठ्ठा मोठ्याने वाचला. माझ्या अगदी कानाशी, त्यामुळे तेवढं ऐकू आलं.

१६ जून

गेरिटने प्लग काढले. टोकांवर चंदेरी कण. वितळलेल्या पिस्टनचे. मग परत लावून इंजिन चालू केलं. "ऐकू येतंय?"

"ठीक चाललंय की."

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक ब्लॉकवर, मूठ माझ्या कानामागच्या हाडावर. हे मीच त्याला शिकवलं होतं. ठक. ठक. ठक. स्पष्ट, डोक्याच्या आत. मूठ काढली – काही नाही. परत लावली – ठक.

"बेअरिंग पण गेलं," गेरिट म्हणाला. मग हात पुसले. "दोन वर्षं सांगतोय तुला, कान तपासून घे. तू मान हलवतोस आणि निघून जातोस."

हार्लनचा कान! घरी येऊन पुठ्ठा फाडला. लाज वाटली आणि भीतीही वाटली. लोर्नाला विचारलं, मी मागवलं त्या दिवशी तू काही बोलली होतीस का? या वेळी तिच्या तोंडाकडे बघत. "बोलले होते. गेरिटचं ऐक म्हणाले होते. तू 'बरं' म्हणालास."

२४ जून

तपासणी झाली. खालच्या पट्टीतले आवाज बरेच शाबूत. वरच्या पट्टीतले, बारीक, गेले – खडखड, शीळ, बायकांचे आवाज. गॅरेजात कानात बोळे घालणाऱ्यांना मी हसायचो. यंत्रं मागवली, दोन्ही कानांची.

साडेआठवालं इंजिनही मागवलं. चारशे वीस. गेरिटने निवडलं, मी फक्त मान हलवली.

१७ जुलै, गुरुवार

आज यंत्रं मिळाली. घरात शिरलो. फ्रिज एवढा आवाज करतो? इंजिनाची पेटी दारात आली होती, तिला हातही लावला नाही.

लोर्ना सिंकपाशी पाठमोरी, भांडी घासत होती. गात होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो, गाणं संपेपर्यंत. मग विचारलं, "परत कधीपासून गायला लागलीस?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "बंद कधी केलं होतं?"