चवथीच्या ओझ्यातल्या गोळ्या

लाटंबार्से, ६ ऑगस्ट २०२५

ती. स्व. सगुणदादा यांस विमलाचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलच्या उजेडानं डोकं ठणकतं, म्हणून कागदावर लिहिते. डिचोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकेदुखीच्या गोळ्या रोज खाऊन खाऊनच तुमचं डोकं दुखतंय. मला हसूच आलं. जिनं इतकी वर्षं तारलं तीच मारते म्हणे! गोळ्या बंद करा, आधी दुखणं वाढेल, मग उतरेल, असं सांगून त्यांनी वेगळं औषध दिलं. काल बंद केल्या. दादा, आज डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय. त्यात शेजारची सुविधा विचारून गेली, गणपतीच्या चवथीला फुगडीत पुढे तूच ना? गोळीशिवाय मी कित्येक वर्षांत फुगडी घातलेली नाही. जमेल का हो मला?

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

विमला

मोपा, २४ ऑगस्ट

चि. सौ. विमला हिस अनेक आशीर्वाद.

काजूचा चीक लागून ओठ भाजले तरी न रडणारी तू, आणि घाबरतेस? आमच्या साईशबरोबर माहेरची भेट, चवथीचं ओझं पाठवतोय. नेवऱ्या, लाडू, नारळ, केळी, आणि तुझ्या वहिनीनं घातलेलं तिच्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. पार्वतीचा दिवसच त्या गोळीनं उजाडतो. नणंदेनं सणाला डोकं धरून बसू नये म्हणाली. मलाही पटलं. डॉक्टरणीला कोण सांगायला जातंय?

खुशाली कळव, जीव तिकडे लागलाय.

सगुण

लाटंबार्से, २ सप्टेंबर

ती. स्व. दादा यांस शि. सा. न. वि. वि.

ओझं पोचलं, नेवऱ्यांचा फडशा पडला. पण चवथीच्या सकाळीच डोक्यात घण पडत होते. पाकीट फोडून गोळी तळहातावर घेतलीसुद्धा. मग वाटलं, आजचा दिवस निघेल, उद्यापासून पुन्हा तेच. ठेवून दिली. संध्याकाळी दोन गिरक्यांतच गरगरून खाली बसले. सगळ्या हसल्या, मीही हसले, बसूनच गाणी सांगितली. विसर्जनाच्या दिवशी मात्र अशी फिरले की सुविधाच दमली! अजून दुखतं मधूनमधून, पण आपलं आपण उतरतं.

वहिनीला रागावू नका, तिनं मायेनंच घातलं. पाकीट साईशकडे परत देते.

तुमच्या लोभातली, विमला

मोपा, ५ सप्टेंबर

चि. सौ. विमला हिस अनेक आशीर्वाद.

धन्य आहेस बाई! तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. पार्वती परत आलेलं पाकीट हातात धरून बसून राहिली. आज चहा देताना तिनं विचारलं, विमलाची डॉक्टरीण कुठल्या वारी बसते?

सोमवारी आम्ही येतो. मी दवाखान्याच्या बाहेर थांबायचं आणि आत तिच्यासोबत तू जायचंस, असं तिनं बजावलंय. धीर द्यायला नवरा नको, नणंद हवी म्हणते.

वयानं मोठा आहे, तरी आज तुला हात जोडतो. नाही म्हणू नकोस.

तुझा दादा, सगुण