इंजिन दादाकडे, चॅसी धाकट्याकडे

४ फेब्रुवारी

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, जिना दिसला की जास्त दुखतो. बाबा वेळेवर क्रेनवरून उतरतात, जेवतात आणि गप्प बसतात. दिवसभर त्या उंच केबिनमध्ये एकटे असतात, त्यामुळे खाली आल्यावर माणसांशी काय बोलायचं हे त्यांना आठवत नसावं.

आता कामाचं. गॅरेजात मी नुसती वेल्डिंग करत होते, ते दिवस संपले. जुन्या मोटरसायकली नव्याने बांधायचं काम आता माझ्याकडे आलंय. आमच्या माळ्यावर तुम्हा दोघांच्या मोटरसायकलची चॅसी, चाकं आणि टाकी आहे. तिचं इंजिन तुमच्या पलंगाखाली आहे. वाटणीच्या वेळी तुम्ही दोघेही एकमेकांना ती गाडी घ्यायचा आग्रह करत होतात आणि त्या आग्रहावरूनच जुंपली, हे मला आईने सांगितलंय. शेवटी इंजिन थोरल्याकडे, बाकी सगळं धाकट्याकडे, आणि बोलणं बंद. आई म्हणते, घेण्यावरून भांडलेले भाऊ तिने पुष्कळ पाहिले, देण्यावरून भांडलेले हे दोनच.

मला त्या गाडीची स्ट्रीटफायटर करायची आहे. म्हणजे तिच्या अंगावरचे सगळे दागिने उतरवायचे, शेपूट छाटायचं, हँडल सरळ आणि रुंद लावायचं, पुढचं चाक धरायला नव्या गाडीचे जाड फोर्क बसवायचे आणि इंजिन उघडंच ठेवायचं. गाडी उभी असली तरी कुणावर तरी खेकसायला निघाल्यासारखी दिसते. बाबांना विचारलं तर त्यांनी माळ्याची किल्ली आणून दिली. त्यांचा होकार असाच असतो.

तर इंजिन द्याल का? फोन केला होता, पण तुम्ही हॅलो म्हणून ठेवून दिलात. काकूला नमस्कार.

तुमची आज्ञाधारक (अजून तरी),
ठिणगी


११ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. स्ट्रीटफायटर म्हणजे काय ते वाचलं. ती गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली तेव्हा सभ्य दिसते म्हणून घेतली होती. इंजिन मिळणार नाही, असं उत्तर लिहून पाकीट बंद केलं होतं. ते फोडून हे लिहितो आहे.

गेल्या महिन्यात माझ्या दुकानातली सगळी घड्याळं एका सकाळी बंद पडली. इतकी घड्याळं एकदम बंद पडत नसतात, म्हणून भिंग लावून पाहिलं तर सगळ्यांचे काटे फिरत होते. बंद मी पडलो होतो. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डावा कान कामातून गेला आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे, किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. तुझ्या काकूने कानातलं यंत्र घ्यायला लावलं. त्यात मला फक्त माझ्या शर्टाची कॉलर ऐकू येते. फोनवर माणसं तर तोंडातल्या तोंडात बोलतात. म्हणून पत्र.

इंजिन देतो. कान शाबूत आहे तोवर ते एकदा चालू झालेलं मला ऐकायचं आहे. बाकी काही नको. दर रविवारी मी त्यात तेल सोडून ते हाताने फिरवत आलो आहे, तेव्हा ते जाम झालेलं नाही. काकू इतकी वर्षं त्याच्या भोवतीने झाडू मारते आहे. ते गेल्याचं दुःख तिला होईलसं वाटत नाही.

कानाचं धाकट्याला सांगायचं नाही. तो ओरडून बोलायला लागेल, आणि आम्ही बोलत नसताना त्याने ओरडून बोलणं बरं दिसणार नाही.

तुझ्यावरचा लोभ इंजिनाबरोबर पाठवत आहे.

काका


२ मार्च

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

इंजिन सुखरूप पोचलं. तुम्ही ते ज्या दुलईत गुंडाळलंत ती एकत्र घरातली म्हणून आईने लगेच ओळखली आणि भिजत घातली. बाबा संध्याकाळी गॅरेजात आले. इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि परत गेले. मला वाटलं राग आला. थोड्या वेळाने घरातला पाट घेऊन आले आणि इंजिन जमिनीवरून उचलून त्यावर ठेवलं. रात्री आई म्हणाली की तिच्या माहेरची माणसं आली तेव्हा हा पाट निघाला नव्हता.

तुमच्या कानाचं वाचून मला रडू आलं. वेल्डिंगचा मुखवटा लावून रडले, त्यामुळे कुणाला कळलं नाही. आत फार उकडतं. तुमची अट पाळते आहे, पण खोटं बोलणं मला जमत नाही आणि बाबा काही विचारत नाहीत म्हणूनच निभतंय.

चॅसी सरळ आहे, फक्त एका सांध्याला तडा होता, तो भरला. नवे फोर्क बसायला मान थोडी वाढवावी लागली. आता मागचा भाग कापायचा आहे. कापला की सीट एकाच माणसाची उरेल. तुम्ही दोघे पुन्हा त्या गाडीवर एकत्र बसण्याची शक्यता असेल तर सीट लांब ठेवते. तसं लेखी कळवावं.

ठिणगी


९ मार्च

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद.

लेखी कळवतो की तसा संभव नाही. काप.

(हे लिहून झाल्यावर दोन दिवस पत्र टाकलं नाही. तरी काप.)

सायलेन्सर नियमात बसेल तेवढा आखूड लाव, म्हणजे आवाज मोठा येईल. एरवी मी असं म्हटलं नसतं. काल दुकानात एक गृहस्थ पुष्कळ वेळ बोलत उभे होते, मी पट्टा बदलून दिला. ते बॅटरी बदलायला आले होते. उजवाही आता कुरकुरायला लागला आहे. घाई करतो असं समजू नकोस, पण घाई कर.

पाट निघाला हे कळलं.

काका


३० मार्च

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

गाडी झाली. टाकीला राखाडी रंग दिला, इंजिनाला हात लावला नाही, नुसतं पुसलं. गॅरेजातली मंडळी म्हणतात की हिच्यासमोर उभं राहिलं की आपणच काहीतरी चूक केल्यासारखं वाटतं. म्हणजे जमली. मी अजून चालू केलेली नाही. पहिली किक तुमच्यासमोर. येत्या रविवारी सकाळी या.

तुम्ही येणार हे बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. तेव्हापासून रोज तेच चाललंय. आत जातात, नळ पूर्ण सोडतात आणि आतून पुटपुटल्याचा आवाज येतो. आईने दाराला कान लावला. तिला फक्त ‘दादा’ एवढं ऐकू आलं, पुन्हा पुन्हा. वाटणीच्या दिवशी तेच जास्त बोलले होते, असं आई म्हणते. तुम्हाला दुसऱ्यावर उपकार करायची खोडच आहे, असं काहीतरी चारचौघांत म्हणाले होते. आता तेच मनात घोळवत असणार.

म्हणून विचारते, कानाचं त्यांना आता सांगू का? माझा जीव टांगणीला लागलाय.

ठिणगी


२ एप्रिल

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस. त्याला कळलं तर तो माझी कीव करायला येईल. त्यापेक्षा भांडण बरं. मी निभावून नेईन, हल्ली माणसांच्या तोंडांकडे बघून मान हलवायला शिकलो आहे. बहुतेकांचं समाधान होतं.

रविवारी पहिल्या बसने निघतो.

काका


८ एप्रिल

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

काकू बरोबर होती म्हणून तुम्ही नीट पोचला असाल असं धरून चालते. रविवारचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिथेच होता. तरी माझ्या बाजूने जे दिसलं ते लिहिते, कारण मला झोप लागत नाहीये.

किक बाबांनी मारली. मारता मारता घाम फुटला, मग इंजिन सुरू झालं आणि पलीकडच्या दुकानदाराने शटर ओढून घेतलं. तुम्ही उजवा कान गाडीकडे करून डोळे मिटलेत. तुमचा चेहरा बघून मला वाटलं, फिटलं सगळं. मग बाबा चालत तुमच्या डाव्या बाजूला आले. मी इंजिन बंद करायला पुढे झाले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. आणि बोलायला लागले. काका, माझ्या जन्मात मी बाबांना इतकं बोलताना पाहिलेलं नाही. इंजिन धडधडत होतं, माझ्या कानात बोळे होते, मला एक शब्द कळला नाही. तो आवाज चालू होता म्हणूनच त्यांना बोलता आलं, हे मात्र कळलं. तुम्ही मान हलवलीत. त्यांनी डोळे पुसले, धूर गेल्याचं नाटक केलं आणि गाडी बंद केली. मग तुमची बस होती.

घरी येऊन बाबा पोटभर जेवले आणि भर दुपारी घोरत झोपले. आईने विचारलं काय बोललात, तर म्हणाले, दादाला सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. एवढंच. काल ते क्रेनवर शीळ घालत होते असं त्यांचे सोबती सांगत होते.

काका, तुम्हाला ऐकू आलं का? नसेल आलं तर मी काय करू? बाबांना इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ठिणगी


१२ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. ठिणगीवर रागावू नकोस, तिला मीच गप्प बसवलं होतं.

मला ऐकू येत नाही. डावा कान गेला आहे, उजवा जाण्याच्या बेतात आहे. रविवारी गाडी मी ऐकली, अगदी मनासारखी ऐकली. तिचा आवाज पहिल्यापेक्षा उर्मट आहे, पण छान आहे. तू जे बोललास त्यातलं अक्षरही मला कळलं नाही. तू डाव्या बाजूला उभा होतास. तुझी मान हलत होती म्हणून मी माझी हलवली.

हे न सांगता राहावं असं चार दिवस मनात होतं. तुझं ओझं उतरलं आहे, ते उतरलेलं राहू द्यावं. पण मग वाटलं, न ऐकलेल्या गोष्टीला मी होकार देऊन बसलो आहे. कदाचित तू माझ्या घराचा माळा मागितला असशील. आणि खरं सांगायचं तर इंजिन ऐकायचं म्हणून मी आलो, हे मी तुझ्या मुलीला लिहिलं होतं, स्वतःलाही तेच सांगत होतो. परतीच्या बसमध्ये कळलं की ज्यासाठी आलो ते ऐकायचं राहूनच गेलं.

तेव्हा ये. गाडीवर आलास तर ती कोपऱ्यावरच बंद कर आणि चालत ये. दुकान मी दुपारी बंद ठेवतो. उजव्या बाजूला बस, ओरडू नकोस, सावकाश बोल. ते पुन्हा सांगणं जड जात असेल तर सांगू नकोस. दुसरं काहीही बोल. आज घरात काय शिजलं ते सांग, कुणाची तरी निंदा कर. पण लवकर ये, अजून थोडं ऐकू येतं.

दादा