पायलटबाईंना सांगितलेलं

ता. १९ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. भावोजींचा गुडघा कसा आहे? मुलांच्या परीक्षा झाल्या असतील. आई आत झोपली आहे, तेवढ्यात हे लिहून घेते. ती जागी असती तर लिहिता आलं नसतं. तिला दुसऱ्याचं पत्र वाचण्यात काहीच गैर वाटत नाही, आणि वाचून झालं की ती लाल पेन शोधायला लागते. काय काय विसरली, पण आपण हेडबाई होतो हे विसरलेली नाही.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग एकदम गप्प होतो. गेल्या रविवारी तसंच झालं. तू म्हणालीस, "फिल्म बघितली. आई तुझ्याकडेच राहू दे, मी आता परत विषय काढणार नाही." मी "बरं" म्हटलं आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

वर्षभर आपण याच एका गोष्टीवर भांडलो. तू म्हणायचीस, तिला माझ्याकडे पाठव, इथे घरात माणसं आहेत. मी म्हणायचे, ती इथे सुखात आहे, तिला हलवू नकोस. पाच मिनिटांच्या फिल्मने तुझं मत फिरलं. म्हणून ती फिल्म कशी झाली ते तुला नीट सांगायला हवं.

आईला वर नेलं म्हणून तू आधी चिडली होतीस, ते मला मान्य आहे. पण उचललं आणि नेलं असं केलेलं नाही. माझ्याबरोबर ग्लायडरच्या मैदानावर यायची तेव्हा ती सावलीत खुर्ची टाकून बसायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला गुण द्यायची. "हा धपकन पडला. ही बरी उतरली." मग मला विचारायची, "मला कधी नेणार?" डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय माझ्यापेक्षा तिचं चांगलं आहे. शिवाय आमच्याकडे डोंगरावरून पळत जाऊन उडी मारायची नसते. आपण पंखाखाली झोळीसारख्या पट्ट्यांत पालथं लटकायचं, पंख चाकांच्या गाड्यावर ठेवलेला असतो, आणि एक छोटं विमान दोरीने ओढत वर नेतं. उंची मिळाली की मी दोरी सोडते. पुढे फक्त पंख आणि हवा. प्रवाशाने पाय सरळ ठेवायचे आणि कशाला धरून लोंबकळायचं नाही, एवढंच काम.

जमिनीवर आमचा एक माणूस असतो, त्याला सगळे खांब म्हणतात. उंचही आहे आणि वारा सुटला की पंखाला टेकू देऊन उभाही राहतो. निघण्याआधी तो प्रत्येक हूक हाताने ओढून बघतो, आणि प्रवाशानेही स्वतः बघून "अडकलंय" असं मोठ्याने म्हणायचं असतं. आईने हूक बघितला, खांबाकडे बघितलं, आणि म्हणाली, "अर्धवट वाक्य कशाला? माझा हूक नीट अडकला आहे, असं म्हणा." त्याने म्हटलं. आता तो सगळ्यांकडून तसंच म्हणवून घेतो, सवय लागली बिचाऱ्याला.

कॅमेरा पंखाच्या डाव्या टोकाला बसवलेला असतो, आमच्या तोंडाकडे रोखलेला. प्रवाशांना फिल्म हवीच असते. पंखापेक्षा लोकांना पंखाखालचं आपलं तोंड जास्त बघायचं असतं. मी इतक्या जणांची तोंडं टिपली आहेत की आता सूर्य कुठे ठेवून वळलं म्हणजे चेहरा उजळ येतो, डोळ्यांखालची सावली जाते, हे न बघता जमतं. त्या दिवशी मी सगळी वळणं तशीच घेतली. आईचा चेहरा तुला छान दिसावा म्हणून. तुला दाखवून भांडण जिंकायचं, हे मी दोरी सोडायच्या आधीच ठरवलं होतं. ते आधी सांगून टाकते.

उड्डाण मात्र खरंच सुंदर झालं. दुपारची हवा होती, तापलेल्या पत्र्यांवरून वर येणारी. दोरी सुटल्यावर विमानाचा आवाज गेला आणि पंखाखाली नुसती सळसळ उरली. नदी खाली सपाट पडली होती, कारखान्याच्या आवारातले ट्रक कुणी ओळीत मांडून ठेवल्यासारखे होते. एका घारीने आमच्या आधीच वर नेणारी हवा शोधली होती. मी तिच्या मागे शिरले आणि पंख डावीकडून अलगद उचलला गेला. आई घाबरेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती खाली एका शाळेच्या मैदानाकडे बघत होती. म्हणाली, "रांग वाकडी आहे." होतीही वाकडी. मला इतका आनंद झाला ताई, की पट्ट्यांत अडकलेली नसते तर मी तिला मिठी मारली असती.

आता ते. वर गेल्यावर काही लोक श्वास धरून ठेवतात, मग त्यांना गरगरतं आणि ते उलटी करतात, ती माझ्याच अंगावर येते. त्यावर उपाय एकच, माणसाला बोलतं ठेवायचं. बोलणारा माणूस श्वास घेतोच. आमच्याकडे सगळे पायलट एकच प्रश्न विचारतात, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. आईचे ओठ मिटलेले दिसले, आणि माझ्या तोंडातून सवयीने गेलं:

"काय आजी, घरी कोण कोण असतं?"

स्वतःच्या आईला आजी म्हटलं. माझं हेल्मेट, मोठा गॉगल, नाकापर्यंत ओढलेला कपडा, तिने मला ओळखलंच नाही. ती माझ्याकडे वळली आणि अगदी पालकसभेच्या आवाजात म्हणाली, "मी आणि माझी धाकटी मुलगी. मोठी लांब असते. जावई चांगले आहेत, स्वतःचा चहा स्वतः करतात."

तेव्हाच "आई, अगं मीच आहे" असं म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं. मला पुढचं ऐकायचं होतं.

"धाकटी काय करते?"

"हेच. तुमच्यासारखी उडते. पण तुम्ही शांतपणे चालवता हो. तिला सगळ्याची घाई. लहानपणी दूधसुद्धा उभ्याने प्यायची." मग म्हणाली, "तिला सांगू नका हं मी आले होते ते. ओरडेल मला." आणि हसली. तू फोनवर ज्या हसण्याबद्दल म्हणालीस ना, "कितीतरी वर्षांनी अशी हसली गं," ते हे हसणं.

त्यानंतर फिल्ममध्ये ती बराच वेळ बोलताना दिसते. कॅमेरा पंखाच्या टोकाला, तिथे वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्या ऑफिसात त्यावर पियानोची एक धून घालतात. सगळ्यांना तीच. तू म्हणालीस, "बघ किती मोकळी बोलते, काय सांगत होती गं?" मी म्हटलं, नदीबद्दल. नदीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

ती म्हणाली, "धाकटी सकाळी बाहेरून कुलूप लावून जाते."

हो ताई. लावते. मार्चमध्ये ती गाऊनवर बाहेर पडली होती आणि पार बसस्टॉपपर्यंत गेली होती, तेव्हापासून. दुपारी शेजारच्या काकू किल्लीने उघडून तिला जेवायला वाढतात आणि परत लावतात. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच दिवशी गाडी पकडली असतीस.

"तिचं बरोबरच आहे," आई म्हणाली, "मी गेले होते एकदा निघून. पण कुलूप लागलं की मी आपली खिडकीशी बसते. रस्त्यावर कुणी दिसलं की हात करते."

मी विचारलं, "लोक हात करतात का?"

"करतात की. त्यांना वाटतं, म्हातारी हौशी आहे."

त्या वेळी घार आमच्या खाली होती. मला तिच्यावर नजर ठेवायला हवी होती आणि मी ठेवली. हात काम करत राहतात, ते बरं असतं. मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. "मग मोठीकडे का नाही जात, आजी?"

"जायचंय हो," ती लगेच म्हणाली. जराही विचार करावा लागला नाही तिला. "तिच्याकडे नातवंडं आहेत, दिवसभर दार उघडं असतं. पण धाकटीला कोण आहे? मी गेले तर ती घरी येऊन भांडणार कुणाशी? गप्प बसेल नुसती. ती गप्प बसली की वाईट असतं. अजून थोडे दिवस राहते. तिचं बस्तान बसलं की जाईन."

बस्तान! मी पन्नाशीला आले, ताई.

उतरताना बोलायचं नसतं. गवतावर चाकं टेकली, पंख एकदाच उसळला आणि थांबला. खांब धावत आला, त्याने आईला सोडवून उभं केलं. मी हेल्मेट आणि गॉगल काढला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तू कधी आलीस? इथे एक पायलटबाई होत्या, कुठे गेल्या?" खांबच म्हणाला, "जेवायला गेल्या." आई म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांगा. फार छान बाई आहेत, ऐकून घेतात."

तू विचारशील की आईला कळलं असेल का, मुद्दाम बोलली असेल का. मीही तो विचार करून बघितला. नाही. मला ओळखलं असतं तर तिला माझं एवढं कौतुक करवलं नसतं.

मी समजत होते की मी तिला सांभाळते आहे. ती मला सांभाळत होती, आणि कुलपाच्या आत बसून सांभाळत होती. हे कळल्यावर मला आधी तिचा राग आला, मग लाज वाटली. आणि तरीही मी संध्याकाळी फिल्म ऑफिसातून घेतली, तुला पाठवली, तू रडलीस आणि म्हणालीस आई तुझ्याकडेच राहू दे, आणि मी "बरं" म्हटलं. आठ दिवस मी जिंकल्यासारखी वावरले. आज सकाळी भाजी आणायला बाहेर पडले, कुलूप लावलं, जिना उतरून रस्त्यावर आले आणि वर बघितलं. ती खिडकीत होती. तिने मला हात केला. ओळखून केला की रस्त्यावरचं कुणीतरी म्हणून केला, ते मला सांगता येणार नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तू ये आणि आईला घेऊन जा.

सुट्टीपुरती चल, असं सांगून नेऊ नकोस. कायमची चल असं सांग, तिला ते झेपेल. सकाळी पेपरमधल्या मथळ्यांच्या चुका काढते, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. चहात साखर कमी घातली तर तिला कळतं. भावोजींनी केलेला चहा चालेल, त्यांचं नाव वर उंचावर निघालं आहे. मला विचारू नकोस की मी कशी राहीन. राहीन. पहिले काही दिवस वाईट जातील, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे, त्यावर फोनवर बोलायला नको.

अडचण एकच आहे. माझं कुणी नाही असं तिच्या डोक्यात असेपर्यंत ती जागची हलणार नाही. मी सांगून उपयोग नाही, माझं तोंड तिला वाचता येतं. तेव्हा तू सांग. धाकटीला कुणीतरी भेटलं आहे, चांगला माणूस आहे, लवकरच एकत्र राहतील. ती नाव विचारेल, काय करतो विचारेल, आईवडील आहेत का विचारेल, आणि मग माझ्याकडे येऊन तेच सगळं पुन्हा विचारेल. हेडबाई आहे ती. तू जे काही ठरवशील ते मला आधी कळव, म्हणजे दोघींची उत्तरं एक येतील. माणूस जरा बरा निवड.

तुझी,
बस्तान बसलेली
धाकटी