मऊ सालीची झाडं

सो. ८ जून
मिल्टन कीन्सहून स्कॉटलंडचा समुद्र गाठेपर्यंत अख्खा दिवस गेला. मी बोलते, सूनबाई लिहिते; मला अक्षर येत नाही. अश्विनीला बजावलंय, बोलेन ते सगळं उतरव, गाळायचं नाही. आत्ता खोकले, तेही लिहिलंन. गुणाची आहे.
नितीनची यादी: सील बघायची बोट, उंच झाडं, दीपगृह, धबधबा. मुलगा आईला फिरवतोय की ड्यूटी लावतोय, कोण जाणे.

मं. ९
बोट. सील खडकावर आडवे, रविवारी जेवून पडलेले आमचे हे जसे. अश्विनीने एकही पाहिला नाही. फोन हातात. "सिग्नल आहे का?" एवढंच. नितीन म्हणाला, "अगं, ऑफिसला मरू दे." ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.
निघायच्या दोन दिवस आधी तिला पाकीट आलं. कौन्सिलचं, म्हणाली. बाई गं, मला वाचता येत नाही, पण हॉस्पिटलचा निळा छाप ओळखते. ह्यांच्या आजारपणात तसली ढीगभर आली होती.
पेन का थांबलं? लिही.

बु. १०
झाडं. वर बघता बघता मान धरली. कुणा साहेबाने अमेरिकेहून बी आणून लावलेली, रांगच्या रांग, खाली समुद्र. साल गादीसारखी मऊ. तिथली बाई म्हणाली, मारा बुक्की, लागत नाही. नितीनने एक मारली, फोटो काढला, चहा बघायला गेला. मागे वळले तर अश्विनी मारतेच आहे. दोन्ही हातांनी. बारापर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं.
लिही. बारा.
"आई, पुरे."
"गाळायचं नाही ठरलंय."
पेन ठेवून सांगितलंन. छातीत गाठ. तुकडा तपासायला गेलाय. शुक्रवारी फोन. "नितीनला सांगू नका ना." म्हटलं, मी कशाला? तूच सांगायचंस. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर ही वही त्याच्या हातात देईन. त्याला वाचता येतं.
पुन्हा पेन उचललंन. नाक ओढत लिहितेय. हेही लिही.

गु. ११
दीपगृह. पायऱ्या बघूनच मी बाकावर बसले. दोघं वर. कठड्याशी दिसत होती. तो हातवारे करत होता, मग हात खाली आले. खूप वेळ तसेच.
उतरला तो डोळे लाल. वारा, म्हणाला. असेल. यादी खिशातून काढली नाही.

शु. १२
धबधब्याच्या वाटेवर झाडांखाली सिग्नल नाही म्हणून सकाळपासून वरच्या कारपार्कमध्ये. धबधबा राहिला. फ्लास्कमधला चहा संपला. नितीन गाडीला प्रदक्षिणा घालतोय. अश्विनी सारखी फोन बघतेय, म्हणून मुद्दाम वही दिली. अक्षर वाकडं येतंय म्हणते. मला सरळ तरी कुठे कळतंय? काहीबाही बोलते झालं. लसणीची चटणी आणायची राहिली. त्या सीलना मिशा होत्या. पाऊस येईलसं
वाजतोय. नितीन, ये इकडे, धर तिला. अगं हे काय लिहीत बसलीस, उचल