निगडी ते निगडी, समुद्रमार्गे

२ मार्च, रविवार
बोट घेतली! शिडाची. गोव्यात एका यार्डात उभी होती, फोटो बघूनच पसंत केली. चाकणच्या कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची क्वालिटी तपासली. आता रिटायर झाल्यावर एक वस्तू स्वतःची.

प्लॅन सरळ आहे. गोव्याहून निघायचं, पहिला मुक्काम वेंगुर्ल्याला, अरुंधतीच्या माहेरी. मग किनाऱ्या-किनाऱ्याने वर मांडव्यापर्यंत. तिथून ट्रेलरवर निगडी. एप्रिलअखेर बोट घरी.

अरुंधतीला सांगितलं. वाटलं होतं नाक मुरडेल. ती म्हणाली, मी येणार. लग्न होऊन एसटीने निघाले, तेव्हापासून जाणं-येणं एसटीनेच. आमचं घर एकदा समुद्राकडून बघायचंय. बाबांना होडीतून परत येताना दिसायचं तसं.

संध्याकाळी बघतो तर बॅग भरून दाराशी. प्लॅनिंग म्हणजे काय हे या बाईला कळत नाही. अजून शेड्यूलसुद्धा झालेलं नाही.

९ मार्च
यार्डवाल्याचा फोन. बोट तयार आहे, या आणि घेऊन जा.

असं कसं घेऊन जा? आमच्या कंपनीत साधा नट आला तरी आधी इनकमिंग इन्स्पेक्शन. आपल्या जागेत, आपल्या माणसाकडून. पुरवठादाराच्या दारात उभं राहून माल ओके करणाऱ्यांची मला किळस येते.

निर्णय: बोट आधी ट्रेलरवरून निगडीला मागवायची. तपासायची. ओके झाली की ट्रेलरवरूनच परत गोव्याला, आणि तिथून समुद्रमार्गे घरी.

जयदीपला फोन केला. पूर्वी माझ्या हाताखाली होता, आता माझ्या खुर्चीत. त्याला क्रू म्हणून घेतोय. प्लॅन ऐकवला. तो म्हणाला, सर, पण मग बोट घरी आलीच की.

अशी माणसं त्या खुर्चीत बसतात.

२३ मार्च
बोट आली. डोलकाठी आडवी ठेवूनही सोसायटीच्या गेटाबाहेर डोकावतेय. टोकाला लाल फडकं बांधलं.

उद्धवराव खाली आले. आमचे चेअरमन. निगडीच्या मूळ गावातले, प्राधिकरणाचे सेक्टर पडायच्या आधी इथे यांचा ऊस होता, आणि तेव्हापासून सगळी जमीन यांचीच आहे असं वागणं. म्हणाले, सायेब, हे व्हिजिटर पार्किंग हाय. मी सांगितलं, दोन आठवड्यांत हलणार. ते म्हणाले, व्हय, माझा मेव्हणा बी दोन आठवड्यांसाठीच आला व्हता.

शिडाच्या घडीत बांगड्याचा वास. सुकलेले खवले. शिसारी आली, नाकाला रुमाल बांधूनच काम केलं. अरुंधती मात्र शिडात तोंड खुपसून उभी. विचारलं काय करतेस, तर काही नाही म्हणाली.

६ एप्रिल
इन्स्पेक्शन जोरात. प्रत्येक बोल्ट आवळला, वर पिवळ्या मार्करची रेघ मारली. गोव्याच्या माणसाला जन्मात जमलं नसतं असं काम.

मग कंपनीचा जुना नियम लावला: ज्या वस्तूचं काम सांगता येत नाही तिला लाल टॅग आणि थेट भंगारात. काय एकेक घाण निघाली! कुजकी दोरी. फुटका मग. एक पितळी बूच, आट्यांचं, कशाचं ते कळेना. बोटीत कुठे बाटली नाही, पिंप नाही. लाल टॅग. माणसं घराचा उकिरडा करतात ते परवडलं, बोटीचा करणारे नको.

अरुंधती ते बूच हातात घेऊन काहीतरी सांगायला लागली. तिला स्पष्ट सांगितलं, टेक्निकल बाबींत कॅप्टन एकच असतो. तिच्याकडे खानपान विभाग आहे. ती बरं म्हणाली. बरं म्हणते तेव्हा तिला पटलेलं असतं.

१३ एप्रिल
महापालिकेच्या तलावावर पोहण्याच्या क्लासला गेलो. पहिला आणि शेवटचा दिवस. पाण्यात बँडेज तरंगत होतं. माझ्या बॅचमधली बाकीची मंडळी दुसरी-तिसरीतली, आणि कोच मलाही बाळा म्हणत होता.

घरी येताना विचार केला. कॅप्टनला पोहायची वेळ आली याचा अर्थ त्याने बोट नीट चालवली नाही. मी नीट चालवणार आहे. तेव्हा पोहणं हा विषय बंद.

अरुंधतीला येतं म्हणे. लहानपणी खाडी पार करायची. आता काय जमणार.

४ मे
आज रंगीत तालीम. जयदीपला बोलावलं. मी बोटीत सुकाणू धरून बसणार, त्याने खालून ट्रेलर हलवून लाटा करायच्या. गॅलऱ्यांमधून अख्खी बिल्डिंग बघत होती.

जयदीपने सुरुवातीला हळू हलवलं. मग त्याला चेव आला. हाताखाली काढलेली सगळी वर्षं वसूल करत असावा. मला बाजूला वाकून उलटी झाली. खाली उद्धवरावांची स्कूटर होती.

कारण मला माहीत आहे. सकाळच्या मिसळीतली तर्री. समुद्राशी याचा काही संबंध नाही. अरुंधती म्हणाली, आलेपाक देऊ का. नको म्हटलं. जयदीप मोबाइलवर फोटो दाखवत बसला होता, कुणाकुणाला.

११ मे
जयदीप येत नाही. कस्टमर ऑडिट आहे म्हणे. तारीख मी अजून ठरवलेलीच नाही, तरी त्या तारखेला ऑडिट आहे.

२१ मे
पावसाने वाटोळं केलं. मे महिन्यात कोण येतं? माझ्या शेड्यूलमध्ये त्याला जून होता. आता ऑक्टोबरपर्यंत समुद्र बंद. ज्याला साधी डेडलाइन पाळता येत नाही त्या हवामानाबद्दल काय लिहायचं.

अरुंधतीने दाराशी ठेवलेल्या बॅगेतून सुती साड्या काढून कपाटात ठेवल्या. बॅग तिथेच. मी म्हटलं, अगं, तिला पाय लागतो. ती म्हणाली, लागू दे.

२२ जून
कबुतरं. आख्खं प्राधिकरण सोडून यांना माझ्या बोटीतच अंडी घालायचीत. डेकवर बोटभर थर. पुसताना दोनदा बाहेर जाऊन ओकारी काढली.

१३ जुलै
अत्यंत समाधानाचा दिवस. महापालिकेचे डेंग्यूवाले आले होते. कोणीतरी तक्रार केली, बोटीत पाणी साचून डास झालेत. कोण ते मला माहीत आहे, पहिल्या मजल्यावर राहतो. डेंग्यूवाल्यांनी टॉर्च मारून पाहिलं. कोरडी ठाक! आठवडाभर धो धो पाऊस, वर ताडपत्री नाही, आणि आत थेंब नाही.

याला म्हणतात वॉटरप्रूफ. त्यांच्याकडून तसं लिहून मागितलं. ते नाही म्हणाले.

अरुंधतीला वर येऊन हे सांगितलं. ती हसायला लागली ती हसतच राहिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बोटीचा अभिमान तिलाही आहे, फक्त दाखवत नाही.

१० ऑगस्ट
अरुंधतीने विचारलं, ऑक्टोबर म्हणजे नक्की कधी. मी म्हटलं, ट्रेलरवाल्याचं कोटेशन, क्रू, हवामान, सगळं जुळलं की. ती म्हणाली, भाऊ म्हणतोय घर रस्त्यात जाणार, पुढल्या वर्षी पाडतील. मी म्हटलं, पुढलं वर्ष लांब आहे.

नंतर बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज. भांडी घासायला बाई आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
अरुंधती गणपतीला माहेरी गेली. एसटीने. दाराशी होती तीच बॅग घेऊन. निगडीच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो. प्रवासात बसायला चांगली सीट मिळाली. मी खिडकीतून सांगितलं, ऑक्टोबरमध्ये तुला तिथूनच पिकअप करतो, किनाऱ्यावर उभी राहा. तिने मान डोलावली आणि पर्स घट्ट धरून बसली. एवढं काय होतं पर्समध्ये कोण जाणे.

घर रिकामं वाटतं. स्वयंपाकघरात काहीच सापडत नाही. वैताग.

१ सप्टेंबर
उद्धवराव वर आले. सोसायटीचा विसर्जनाचा हौद तडकलाय. उद्या गौरी-गणपतींचं विसर्जन. म्हणाले, सायेब, तुमची नाव नुसती उभी हाय. अर्धी भरून घेऊ. न्हाई म्हनू नका, नाहीतर जनरल बॉडीत पार्किंगचा विषय घ्यावा लागंल.

ही उघड धमकी. माझ्या बोटीत गणपती बुडवणार! समुद्रात जायची तिची लायकी, आणि इथे निर्माल्य, दूर्वा, फुलांचा चिखल. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं: हीच तर वॉटर टेस्ट. आतलं पाणी बाहेर येत नाही म्हणजे बाहेरचं आत जाणार नाही. साधं लॉजिक. टँकर सोसायटीचा, टेस्ट माझी. परवानगी दिली.

२ सप्टेंबर, मंगळवार
तब्येत बरी नाही. तरी लिहून ठेवतो.

टँकर आला. पाइप बोटीत सोडला. एका मिनिटात मागच्या बाजूने, अगदी तळाशी, जाड धार सुरू. बोटीला तिथे एक गोल भोक आहे. इन्स्पेक्शनमध्ये मी ते पाहिलं होतं, हवा खेळायला असावं म्हणून ओके दिलं होतं. बाजूला पिवळी रेघही आहे.

उद्धवरावांनी गेटावरच्या कणीसवाल्याकडून एका खाल्लेल्या कणसाचं बुरकुंड आणलं, पिशवी गुंडाळली आणि ठोकून भोकात बसवलं. कोणाचं तरी उष्टं, माझ्या बोटीत! पण धार थांबली.

आरती झाली. बोटीत उतरून मूर्ती घ्यायला कोणी हवं होतं. मी उतरलो. लाइफ जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेक मूर्ती हातात घेऊन तीनदा बुडवायची आणि अलगद तळाशी ठेवायची. खरं सांगायचं तर बरं वाटलं. अरुंधतीने बघायला हवं होतं असं वाटलं.

शेवटची मूर्ती ठेवली आणि मागून आवाज आला. बुरकुंड सुटलं. सगळं पाणी पार्किंगमध्ये. लोकांनी आरतीसाठी काढलेल्या चपला रांगेने निघाल्या आणि गेटाबाहेर पडून थेट रस्त्याला लागल्या. सगळी सोसायटी त्यांच्यामागे. मी रिकाम्या बोटीत उभा, लाइफ जॅकेटमध्ये, भोवती सगळे गणपती कोरड्यावर. उद्धवरावांनी हात जोडले आणि म्हणाले, बाप्पाला बी जायाचं न्हाई या नावेतून.

मूर्ती मग पिंपात नेऊन विसर्जित केल्या. परत टाळ्या नाहीत.

३ सप्टेंबर, सकाळ
पार्किंग पुसायचं मोठं फडकं कुठे आहे विचारायला अरुंधतीला फोन केला. पुसायचं कारण सांगावं लागलं.

ती हसली नाही. म्हणाली, ते बूच त्याच भोकाचं. होडी किनाऱ्यावर ओढली की काढायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात ढकलताना लावायचं. आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, खानपान विभागात होते ना. भंगारातून काढून पर्समध्ये ठेवलं होतं, मार्चपासून बॅग भरलेलीच होती. निघायच्या दिवशी लावणार होते. तुम्हाला पोहता येत नाही.

थोड्या वेळाने तिचा फोटो आला. किनारा, मागे कौलारू घर, आणि पुढे तिचा तळहात. हातावर पितळी बूच, चिंचेने घासून लख्ख केलेलं, माझा लाल टॅग अजून दोऱ्याने बांधलेला.

खाली लिहिलं होतं, बोट नाही तर नाही, एवढं तरी माहेरी आलं.

फडकं सिंकखाली होतं.