विणकराच्या घराविषयी माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (आता बंद), पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. हात थरथरतो, डोके थरथरत नाही.

१. बँकेतील शिल्लक आणि दिवंगत पत्नीचे दागिने मुलाला द्यावेत.

२. भिंग, चिमटे व बारीक पेचकस बाजारातल्या दुसऱ्या घड्याळवाल्याला द्यावेत. त्याने माझी गिऱ्हाइके पळवली. अकरा वर्षे आम्ही बोलत नाही आणि मी त्याला माफही केलेले नाही. पण ही हत्यारे वापरता येणारा गावात दुसरा कोणी नाही.

३. राहते घर. हे एका गवंड्याने स्वतःसाठी बांधले. लोकांची कामे उरकून उरलेल्या वेळात बांधल्यामुळे मागची भिंत बोटभर कलली आहे. त्याच्याकडून ते विणकराने घेतले आणि पुढच्या खोलीत, पाय आत सोडून विणायला बसता यावे म्हणून, जमिनीत खड्डा खणून माग बसवला. विणकर वारल्यावर त्याच्या पत्नीने घर मला विकले. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "खड्डा तेवढा बुजवू नका. चाळीस वर्षं त्यांचे पाय त्यात होते." मी "बरं" म्हणालो. आठवड्याभरात खड्डा बुजवून वर फरशी घातली, कारण मला माझे टेबल तिथेच, खिडकीच्या उजेडात हवे होते.

वर्षाने त्या लेकीला घेऊन आल्या. जमिनीकडे बघत राहिल्या. "फरशी छान बसलीय," एवढेच म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. माझी पत्नी म्हणाली, "त्या बोलल्या नाहीत, म्हणून मी बोलते. तुम्ही चुकलात." त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्या वारल्याचे कळले. मी फरशी उखडून खड्डा मोकळा केला, एकट्याने, नऊ दिवस लागले. मग त्यांच्या लेकीला बोलावले. ती शिवणकाम करते, भाड्याच्या खोलीत राहते. काठावर बसून तिने पाय आत सोडले. म्हणाली, "काका, माझे पाय टेकत नाहीत. बाबा उंच होते."

हे घर तिला द्यावे. मुलगा मला म्हणाला, "बाबा, घर परक्याला?" बाळा, तुझा राग रास्त आहे, पण सही माझी आहे.

तिने इथे राहावे, घर भाड्याने द्यावे, विकावे किंवा खड्डा पुन्हा बुजवावा. मी कोणतीही अट घातलेली नाही. तिच्याकडून कोणी कसलाही शब्द घेऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला.

सही: घड्याळवाला
साक्षीदार: शेजारचा सुतार (सही), दवाखान्यातील नर्स (सही)
ठिकाण: याच घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार