जानव्याच्या मापाचा शॉक

नोएडा, रविवार, संध्याकाळ

नखांतलं ग्रीस तीनदा धुऊनही जात नाही. अशा हातांनी संध्या करावी का, याविषयी शास्त्रं गप्प आहेत.

पण जिंकलो. लेकीच्या, मुक्ताच्या, जुन्या माउंटन सायकलचा मागचा शॉक पार गेला होता. गंजलेले बोल्ट सुटेनात, म्हणून त्यांच्यातलं अंतर जानव्याला गाठ मारून मोजून नेलं. दुकानदार हसला, "पंडितजी, नाप है या मन्नत?" आज बोल्ट सुटले आणि नवा शॉक चपखल बसला.

मुक्ता गतिरोधकावरून मुद्दाम दोनदा गेली. "बाबा, बिल्कुल आदळत नाही. चलो, उद्यापासून कॉलेजला सायकलनेच."

ग्रीस अजून आहेच. शॉक खराब होता तोवर तिला अडवायला माझ्याकडे कारण होतं. कॉलेजच्या वाटेवर नवा हायवे लागतो, त्यावरच्या ट्रकांची मला भीती वाटते.